दुधी थेंब

चिठ्ठी डोळ्यांच्या दवाखान्यातून आली होती आणि घेऊन आली होती ती ताई. भिंतीला हात लावत लावत ती फुटपाथवरून आली, औषधाच्या दुकानाच्या दोन पायऱ्या पायानं चाचपून चढली आणि चिठ्ठी काउंटरवर ठेवायला गेली. ठेवली ती काउंटरच्या चार बोटं अलीकडे. चिठ्ठी जमिनीवर पडली.

"काउंटर मागे सरकवलंस का रे?" ताईनं विचारलं.

"हो, कालच," चिठ्ठी उचलत धाकटा म्हणाला. काउंटर एकोणतीस वर्षं एका जागी होतं.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. वय सत्तावन्न, डोक्यावर केस मोजकेच, पण ताईच्या तोंडी तो अजून धाकट्याच. आजूबाजूची माणसं त्याला 'अर्धे डॉक्टर' म्हणत. कुणाला खोकला झाला, कुणाचं पोट बिघडलं, की लोक आधी त्याच्याकडे येत, कारण त्याच्याकडे रांग नव्हती आणि तो कुणाला रागावत नसे. 'अर्धे डॉक्टर' म्हटलं की तो हात झटकून "छे हो, काहीतरीच" म्हणायचा, आणि घरी जाऊन बायकोला हटकून सांगायचा. माणसाला गोड लागतं ते लागतंच, त्याला काय करणार.

त्यानं चष्मा चढवून चिठ्ठी वाचली. उद्या सकाळी ताईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ऑपरेशननंतर घालायचे थेंब लिहिले होते. पहिली ओळ जंतू मारणाऱ्या थेंबांची. दुसऱ्या ओळीवर त्याची नजर गेली आणि तो खाली स्टुलावर बसला.

"आहेत ना तुझ्याकडे?" ताई म्हणाली. "नसले तर आत्ताच सांग, मी पुढच्या दुकानात जाते."

"आहेत," तो म्हणाला. "उद्या सकाळी मीच घेऊन येतो. तू जा, सावकाश जा."

दुसऱ्या ओळीत लिहिलेलं औषध त्याच्या मागच्या फळीवर, डावीकडून तिसऱ्या खणात होतं. दिवसातून सहा वेळा, मग चार वेळा, असं कमी करत सहा आठवडे. स्टिरॉइडचे थेंब. ताईच्या भाषेत, दुधी थेंब.

हे थेंब पाण्यासारखे नितळ नसतात. बाटली हलवली की आतलं औषध दुधासारखं पांढरं होतं, म्हणून ताईनं ते नाव ठेवलं. सहा वर्षांपूर्वी तिचे डोळे पहिल्यांदा आले ते कापडाच्या कोंड्यानं. ती घरी शाळेच्या गणवेशाचे शर्ट शिवायची, आणि नव्या कोऱ्या कापडाची लव दिवसभर तिच्या तोंडावर उडायची. डोळे लालभडक, खाजून खाजून सुजलेले. तेव्हाच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी दोन औषधं लिहून दिली होती. एक दुधी थेंब, फक्त सात दिवस. दुसरं खाज आवरणारं, रोज घालायचं, महिनोन्‌महिने. दुसरं झोंबायचं आणि गुण यायला पंधरा दिवस घ्यायचं. दुधी थेंबांनी एका रात्रीत डोळा शुभ्र केला.

"ते दुसरं काही कामाचं नाही," ताईनं निकाल देऊन टाकला. "मला दुधीच दे."

आणि धाकट्यानं दिले. म्हातारे डॉक्टर काम थांबवून गावाला निघून गेले, पण त्यांची चिठ्ठी धाकट्याच्या गल्ल्याखाली तशीच राहिली आणि तिच्या आधारावर महिन्याला एक बाटली ताईच्या घरी जात राहिली. इतर कुणी अशी जुनी चिठ्ठी घेऊन आलं असतं तर त्यानं हात जोडले असते. पण ही ताई होती.

ताईचं आणि त्याचं नातं समजून घ्यायचं तर आणखी मागे जावं लागेल. आई गेली तेव्हा ती सोळाची आणि तो अकराचा. तिनं शाळा सोडून मशीन धरलं आणि त्याला शिकवलं. औषधांचा अभ्यास करायचा तेव्हा तो तिच्या मशीनशेजारी बसायचा. ती पुस्तक मशीनच्या मानेला टेकवून ठेवायची आणि पाय चालवता चालवता त्याला प्रश्न विचारायची. शिलाई सरळ, प्रश्नही सरळ.

"तीव्र दाहाची लक्षणं किती?"

"पाच. लाली, ऊब, सूज, वेदना…"

"आणि?"

पाचवं त्याच्या कधी ध्यानात राहायचं नाही. मग ताईची लाकडी पट्टी त्याच्या गुडघ्यावर बसायची. "काम बंद पडणं! बैलोबा, पाचवं म्हणजे त्या अवयवाचं काम बंद पडणं."

दाह होताना शरीरात जी रसायनं धावपळ करतात, त्यांची नावं त्याच्या जिभेवर वळेनात, तेव्हा ताईनं त्यांना घरची नावं दिली. हिस्टामिन म्हणजे उतावळा. तो पेशींत तयार होऊनच बसलेला असतो, जरा काही खुट्ट झालं की सगळ्यांच्या आधी हजर, आणि रक्तवाहिन्यांची दारं सताड उघडून टाकतो, म्हणून लाली, म्हणून सूज, म्हणून खाज. प्रोस्टाग्लँडिन म्हणजे बोंबल्या. तो येतो आणि दुखतंय, दुखतंय म्हणून गाव गोळा करतो. ल्युकोट्राइन म्हणजे मुकादम, पांढऱ्या पेशींना हाकत हाकत कामाच्या जागी आणणारा. आणि स्टिरॉइड? ते बोंबल्याला आणि मुकादमाला जन्मालाच येऊ देत नाही, असं पुस्तकात होतं.

"ही माझ्यासारखी दिसते," ताई दोरा तोडत म्हणाली होती. "थोरली. एकदा डोळे वटारले की घरात सगळे गप्प."

तो पास झाला. परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला होता, आणि त्यानं पाचही लक्षणं लिहिली.

तर अशा ताईनं मागितलेल्या थेंबांना तो नाही कसं म्हणणार? दर रविवारी तो तिच्याकडे जायचा, तिला खिडकीशी उभं करायचा, बोटानं खालची पापणी ओढून बघायचा. "शुभ्र," म्हणायचा. ती म्हणायची, "अर्ध्या डॉक्टरांचा हातगुण." दोघं हसायची. तो समोरून डोळा बघत होता आणि डोळा मागून मरत होता. स्टिरॉइडनं काही माणसांच्या डोळ्यांतला दाब वाढतो, हे त्याला ठाऊक होतं, परीक्षेपुरतं ठाऊक होतं. तो वाढताना दुखत नाही, लाल होत नाही. दाब मागच्या नसेला दाबत जातो आणि नजर कडेकडेनं खात खात मध्यावर येतो.

ताई आधी उजव्या खांद्यानं दाराच्या चौकटीवर आपटू लागली. "दार जाडं झालंय, माझ्यासारखं," म्हणाली. मग उजव्या हाताशी ठेवलेला चहाचा कप दोनदा पडला. मग दिव्याभोवती धुरकट दिसू लागलं. तरी ती शिवत होती, कारण चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तिच्या बोटांना डोळ्यांची गरज उरली नव्हती. सुईत दोरा जाईना तेव्हा कुठे तिनं सांगितलं. पहिली चार लक्षणं न येताच पाचवं येऊन बसलं होतं.

चार महिन्यांपूर्वी तो तिला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेला. डॉक्टरबाई चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी ताईला एका यंत्रापुढे बसवलं, एक डोळा झाकला, हातात बटण दिलं आणि सांगितलं, "मावशी, जेव्हा जेव्हा ठिपका चमकेल तेव्हा बटण दाबा." धाकटा मागे उभा होता. यंत्रात ठिपके चमकत होते, त्याचा बारीक टक्‌टक्‌ आवाज येत होता, आणि ताई बटण हातात धरून शहाण्या मुलीसारखी वाट बघत होती. उजव्या डोळ्याचा कागद छापून आला तो जवळजवळ पुरा काळा. डाव्याचा कडेनं काळा, मध्ये बरा. काचबिंदू. शिवाय डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, भिंगाच्या मागच्या पडद्यावर.

"मावशी, डोळ्यांत कधी स्टिरॉइडचे थेंब घालत होता का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"छे," ताई म्हणाली. "चुरचुरलं की गार पाणी मारते."

बोलता बोलता तिनं खुर्चीखालून धाकट्याच्या पायावर पाय ठेवला आणि दाबला. लहानपणी वडिलांसमोर ठेवायची तसा.

डॉक्टरबाईंनी भिंगातून पुन्हा बघितलं. "असा मोतीबिंदू बहुतेक त्यानंच होतो, म्हणून पुन्हा विचारते. अगदी थोडे दिवस? कधीतरी?"

"नाही हो बाई."

धाकटा तिथेच उभा होता. तोंड होतं, जीभ होती, आणि तो गप्प बसला. त्याच संध्याकाळी त्यानं ताईच्या कपाटातल्या दुधी थेंबांच्या बाटल्या उचलून आणल्या आणि नाल्यात ओतल्या. बैल गेला नि झोपा केला. डॉक्टरबाईंनी दाब उतरवणारे थेंब दिले होते. रात्री एकदा घालायचे, प्रोस्टाग्लँडिनच्या धर्तीवर बनवलेले. त्यांनी डोळा थोडा लाल व्हायचा. ताईला हे कळलं तेव्हा ती हसली होती. "म्हणजे बोंबल्याच शेवटी कामाला आला म्हण की." दाब उतरला. डॉक्टरबाईंना वाटलं, औषध लागू पडलं. दुधी थेंब बंद झाले हे त्यांना कुठून कळणार?

आणि आता ही चिठ्ठी. ऑपरेशननंतर डोळ्याचा दाह शमवायला सगळ्यांनाच देतात ते थेंब. डॉक्टरबाईंचं काही चुकलं नव्हतं. त्यांना जे सांगितलं गेलं त्यावरून त्यांनी लिहिलं होतं. फक्त ताईच्या डोळ्याला सहा आठवडे हे थेंब गेले की दाब पुन्हा चढणार होता, आणि या वेळी मारायला एकच डोळा उरला होता.

गिऱ्हाइकं येत होती, जात होती. कुणाला मलम, कुणाला कापूस. धाकटा हातानं देत होता आणि मनात हिशेब करत होता. पहिला विचार काय आला असेल? चिठ्ठीवर एक असू दे, पिशवीत दुसरं घालावं. फळीवर सौम्य थेंबही होते, नुसत्या बोंबल्याला अडवणारे थेंबही होते. वेष्टण काढून बाटली द्यायची, ताईला वाचता येणार नाही, डॉक्टरबाई बाटली बघायला मागणार नाहीत. डोळाही वाचेल आणि नावही. त्यानं उठून बाटली काढलीसुद्धा. मग ती हातात धरून तो उभा राहिला, आणि त्याला त्याच हाताचा धाक वाटला.

पाच वाजता दुकान बंद करून तो ताईकडे गेला.

ताईच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीला लागून मशीन, भिंतीशी शर्टांचा ढीग. उन्हं अजून खिडकीत होती. ती शेवटचे सहा शर्ट पुरे करत बसली होती.

"बरा आलास," पावलं ओळखून ती म्हणाली. "त्या डब्यातून पांढरी, चार भोकांची बटणं काढ. भोकं बोटाला कळतात, रंग कळत नाही मेला."

पत्र्याचा मोठा डबा. आत कागदाच्या पुड्याच पुड्या, प्रत्येकीत एका जातीची बटणं. धाकट्यानं एक पुडी सोडली. निळी बटणं. दुसरी सोडली, तपकिरी. तिसरी सोडताना त्याचं लक्ष बटणांवरून कागदावर गेलं. पातळ, कांद्याच्या सालीसारखा कागद, दोन्ही बाजूंनी मुंगीएवढी अक्षरं. औषधाच्या खोक्यात बाटलीभोवती गुंडाळलेला असतो तो कागद. त्यानं पहिली पुडी पुन्हा बघितली. दुसरी बघितली. मग डबा जमिनीवर घेऊन बसला आणि एकेक सोडत गेला. सगळे तेच. सहा वर्षांतल्या प्रत्येक बाटलीचा कागद तिथे होता.

"सापडत नाहीत का?" ताईनं विचारलं.

"हे कागद…"

"तुझ्याच बाटल्यांचे. पातळ असतात, घडी बरी बसते. फेकायचे कशाला?"

काळ्या बटणांच्या पुडीवर एका ओळीखाली रेघ होती. कापडावर खुणा करायच्या निळ्या पेन्सिलीची, ताईच्या शिलाईसारखी सरळ. 'डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दोन आठवड्यांपेक्षा जास्त वापरू नये. डोळ्यातील दाब वाढून दृष्टीस कायमची इजा होऊ शकते.'

"ही रेघ कुणी मारली?"

मशीन थांबलं.

"मी," ताई म्हणाली. "डोळे होते तेव्हा. झाली असतील तीन वर्षं. भिंग लावून अख्खा कागद वाचून काढला होता."

"मग मला विचारलं का नाहीस, ताई?"

तिनं शर्टाची बाही उलटी करून पुन्हा सुलटी केली.

"विचारलं होतं की," मग ती हळूच म्हणाली. "रविवार होता. तू इथेच, खिडकीशी माझी पापणी धरून उभा होतास. मी म्हटलं, कागदावर काहीतरी लिहिलंय रे दाबाचं. तू म्हणालास, त्यांना सगळंच लिहावं लागतं, कायद्यासाठी. डोळा बघ कसा शुभ्र आहे."

धाकट्याला हे आठवत नव्हतं. त्यानं फार प्रयत्न केला. तो रविवार, ती खिडकी, काहीच आठवेना. असं तो दिवसातून दहा जणांना म्हणत असे.

"मग मी म्हटलं," ताई म्हणाली, "कागदापेक्षा माझा भाऊ शिकलेला."

बटणं त्याच्या मांडीवर, जमिनीवर विखुरली होती. तो ती गोळा करू लागला, पण काळी, निळी, पांढरी सगळी एकात एक होत गेली. त्याला रडू आलं. सत्तावन्न वर्षांचा माणूस जमिनीवर बसून मुलासारखा रडला. ताई उठली, चाचपत त्याच्यापर्यंत आली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवत उभी राहिली.

"उद्याच्या चिठ्ठीत तेच थेंब आहेत," तो म्हणाला.

तिचा हात थबकला. मग पुन्हा फिरू लागला. "मग नको देऊस. दुसरे दे. तुला कळतंय ना कुठले द्यायचे?"

"आणि डॉक्टरबाईंना?"

"त्यांना कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक तुला डॉक्टर म्हणतात रे, धाकट्या. ते एक नाव कमावलंस. माझं काय, उजवा गेला तो गेला."

"पुन्हा मीच ठरवू?" तो म्हणाला. "पुन्हा मीच, ताई? अंदाजानं?"

"दुकान जाईल तुझं."

"जाऊ दे."

"लोक काय म्हणतील?"

"आतापर्यंत अर्धा डॉक्टर म्हणत होते. आता पुरता गाढव म्हणतील."

ताईला एरवी हसू आलं असतं. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मग म्हणाली, "पांढरी बटणं दे आधी. सहा शर्ट आहेत."

सकाळी दवाखान्यात ताईला हिरवी टोपी घालून पलंगावर बसवलं होतं. डॉक्टरबाई तपासायला आल्या तेव्हा धाकट्यानं खिशातून निळ्या रेघेचा कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला. ताईनं पायानं त्याचा पाय शोधला, पण तो दूर उभा राहिला होता.

"हे थेंब ताईच्या डोळ्यांत सहा वर्षं जात होते," तो म्हणाला. "दोन्ही डोळ्यांत, महिन्याला एक बाटली. मी देत होतो. कुणाच्या सांगण्याशिवाय."

डॉक्टरबाईंनी कागद उलटसुलट बघितला. "मी दोनदा विचारलं होतं."

"हो. दोन्ही वेळा मी इथेच होतो."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती फाइल उघडली आणि विचारत गेल्या. केव्हापासून, दिवसातून किती वेळा, केव्हा बंद केले. धाकटा सांगत गेला. शेवटी त्यांनी फाइल त्याच्यापुढे केली आणि त्यानं खाली सही केली. कालची चिठ्ठी फाडून त्यांनी नवी लिहिली.

"हे थेंब नुसत्या प्रोस्टाग्लँडिनला अडवतील. सोबत एक सौम्य, थोडेच दिवस. दर तीन दिवसांनी दाब मोजायचा." मग त्या ताईकडे वळल्या. "मावशी, डोळा लवकर शांत होणार नाही. लाल राहील, उजेड सहन होणार नाही, ठणकेल. ते सोसावं लागेल. घाई करायची नाही."

"आणि उजवा?" धाकट्यानं विचारलं. उत्तर ठाऊक असताना विचारलं.

"तो गेला," त्या म्हणाल्या, आणि हात धुवायला आत गेल्या.

ऑपरेशन नीट झालं. सहाव्या दिवशी सकाळी दाब मोजला, अठरा भरला. अठरा चांगला. पण डोळा लालच होता, आणि ठणकत होता. धाकट्यानं दुकानावर 'काही दिवस बंद' अशी पाटी लावली होती आणि तो दिवसभर ताईकडे असायचा. दुपारी पडदे ओढलेले होते. ताई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, हातात काम नाही. तिला रिकामं बसलेलं त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

"फार दुखतंय रे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"दे ना एकच थेंब. दुधी. एकानं काय होतंय?"

"नाही."

"एकच. रात्रीपुरता."

"नाही, ताई."

ती हसली. "पहिल्यांदा नाही म्हणालास मला. जन्मात पहिल्यांदा." ती हसत राहिली आणि हसता हसता तिचा आवाज बदलला. "हे 'नाही' तेव्हा कुठे होतं रे? मी विचारलं होतं तुला. कागद वाचून विचारलं होतं. माझा डोळा होता तो, धाकट्या. माझा डोळा होता!"

तिनं उशी उचलून त्याच्या आवाजाच्या दिशेनं फेकली. ती त्याच्या शेजारून जाऊन कपाटावर आपटली. लहानपणापासून तिनं त्याला लाकडी पट्टीनं मारलं होतं, पण ते खेळातलं मारणं. खरा राग तिनं कधी त्याच्यापर्यंत येऊ दिला नव्हता. आई गेली तेव्हा नाही, शाळा सुटली तेव्हा नाही. सगळ्यांना गप्प बसवता बसवता ती स्वतःलाही गप्प बसवत आली होती.

धाकट्यानं उशी उचलून आणली आणि तिच्या हातात दिली. "बोल," तो म्हणाला. "अजून बोल."

ती बोलली. सुईच्या नेढ्याबद्दल बोलली. कापड बघताना निळ्याच्या किती जाती दिसायच्या, त्याबद्दल बोलली. चौकटीला आपटून खांदा काळानिळा झाला आणि तिनं ते झाकून ठेवलं, त्याबद्दल. दवाखान्यातल्या यंत्रापुढे बटण धरून बसली होती तेव्हा तिला वाटत होतं की यंत्र अजून सुरूच झालेलं नाही, त्याबद्दल. धाकटा ऐकत होता. एकदाही "पण" म्हणाला नाही. रडून रडून तिचा डोळा आणखी लाल झाला आणि मग ती दमून थांबली.

थेंबांची वेळ झाली होती. त्यानं साबणानं हात धुतले, खालची पापणी हळूच ओढली, थेंब सोडला. तिनं दातांवर दात दाबून श्वास ओढला.

"लाल आहे का अजून?"

"आहे. चांगला लाल आहे."

"असू दे," ती म्हणाली.

रोज थेंबांनंतर बोटं मोजायची, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. त्यानं समोर हात धरला.

"तीन," ताई म्हणाली. "आणि नखं काप. औषधाला हात लावतोस."

त्यानं दोन दाखवली. तिनं दोन सांगितली. पाच दाखवली, पाच सांगितली. पाचवं लक्षण या डोळ्यापर्यंत आलं नव्हतं.

"आता उजवीकडून दाखव," ती म्हणाली.

"कशाला, ताई?"

"दाखव रे."

तो उठून पलंगाच्या उजव्या अंगाला गेला आणि तिच्या गालाशी हात धरला. ताई सरळ समोर बघत, शहाण्या मुलीसारखी वाट बघत बसली.

"दाखवलीस का?" तिनं विचारलं.

"हो," तो म्हणाला. "चार आहेत."